मेलेल्या शकातली तारीख

१

पत्र खोटे ठरायला मोकुबेईचे एक वाक्य पुरले.

तो नुकताच तोचिदानीत पोचला होता. गवती जोडे अजून ओले होते. पाठीवरून उतरवलेल्या पेटीत इसेच्या देवस्थानातून आणलेली येत्या वर्षाची, म्हणजे बुन्क्यू शकाच्या चौथ्या वर्षाची, पंचांगे होती. आणि ज्याला सारे गाव शोया म्हणे त्या गावप्रमुख सोएमोनच्या आगटीवर चहाची किटली नुकतीच कुजबुजू लागली होती. तेवीस हिवाळे मोकुबेई ही दरी चढून येत होता. दिवस पेटीत घालून घरोघर वाटायचे, हेच त्याचे काम. कधीकधी त्याला वाटे, आपण वाटतो ते कोरे दिवस. त्यांच्यावर माणसे काय लिहितात ते आपल्याला कधी कळत नाही.

"पंचांगवाले, तुम्ही अगदी वेळेवर आलात," सोएमोन म्हणाला. तिशीतला, नितळ चेहऱ्याचा, शब्द तोलून वापरणारा माणूस. "एक सांगा. आन्सेई शक संपला कधी?"

असले प्रश्न मोकुबेईला मनापासून आवडत. "आन्सेईच्या सातव्या वर्षी. तिसऱ्या महिन्याच्या अठराव्या दिवशी क्योतोच्या दरबारानं शकाचं नाव बदलून मानएन केलं. पुढचा महिना अधिक होता. अधिक तिसऱ्याच्या पहिल्याच दिवशी एदोत फलक लागले."

"बरोबर. मी तेव्हा एदोतच होतो, कारकुनी शिकत. फलक या डोळ्यांनी पाहिलाय." सोएमोनने दोन कागद चटईवर शेजारी शेजारी मांडले. "मग हे वाचा. ओसुगाचं सोडपत्र. 'आन्सेई सात, अधिक तिसरा महिना, चौथा दिवस.' शक मरून पंधरा दिवस झाले, आणि हिच्या नवऱ्यानं मेलेल्या शकात हिला सोडलं!"

दाराशी, मातीच्या जमिनीवर, एक सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची बाई गुडघे टेकून बसली होती. पाठीला मूल बांधलेले. हात थंड पाण्याने कायमचे लाल झालेले. गावच्या कागदघराची ओसुगा. मोकुबेई तिला लहानपणापासून ओळखत होता.

आगटीच्या पलीकडे तिचा पहिला नवरा जिन्पाची मांडी घालून बसला होता. कागदघरात घरजावई म्हणून आलेला, पावणेचार वर्षांपूर्वी निघून गेलेला, आणि या शरदात अचानक परतलेला. "मी सोडपत्र दिलंच नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी मी गावातच नव्हतो. वरच्या मठीचं छप्पर दुरुस्त करत होतो. बुवांचा दाखला आहे."

दुसरा कागद तोच होता. खाली मठीची लाल मोहोर. 'मानएन एक, अधिक तिसरा महिना, दहावा दिवस. तिसऱ्या महिन्याच्या पंचवीस तारखेपासून आजतागायत जिन्पाची इथे कामाला होता. आज तो खाली उतरून परमुलखी जात आहे.' निर्दोष तारीख. आगटीच्या उजेडात त्या कागदात उभ्या रेघा दिसत होत्या, दूर दूर पडलेल्या. सोडपत्राच्या कागदातल्या रेघा मात्र दाट, केसांसारख्या. मोकुबेईच्या नजरेने ते टिपले, आणि त्या वेळी त्याचा काहीच अर्थ लागला नाही.

"सोडपत्र नसताना दुसरा नवरा केला, तर कायदा काय सांगतो ते सगळ्यांना ठाऊक आहे," सोएमोन शांतपणे म्हणाला. "परवा दुपारी हिला किल्ल्यावर नेतो. डोकं भादरतील. लग्न मोडेल, मूल बापाकडे जाईल. आणि कागदघर हिच्या खऱ्या नवऱ्याचं."

ओसुगा उठली. दारातून बाहेर पडताना तिने मोकुबेईकडे एकदाच पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. असता तर त्याला चहा प्यायला जमले असते.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागदघरी गेला. दारातच सालीचा आंबूस वास आला. ओसुगाचा दुसरा नवरा उहेई अंगणात कागदासाठी भिजवलेली झाडाची साल मोगरीने बडवत होता, असा की दर घावाला कोणाचे तरी नाव असावे. ओसुगा हौदाशी उभी होती. बांबूच्या काड्या रेशमी धाग्यांनी विणलेली चटई ती पाण्यात बुडवी, लगद्याचा पातळ थर उचली, हलवी, उलटी करी. उद्या डोके भादरले जाणार असलेली बाई आज कागद करत होती.

"काका, तुम्ही काल खोटं बोललात?" वळून न पाहता तिने विचारले.

"नाही ग."

"मीही नाही बोलले. म्हणजे दोघंही खरं बोललो, आणि केस तेवढे माझे जाणार."

मोकुबेई हौदाच्या काठावर बसला. "पत्र कोणी लिहिलं होतं?"

"जिन्पाचीला लिहिता कुठे येतंय? त्या हिवाळ्यात एक फिरते मास्तर बर्फात अडकून आमच्याकडे राहिले होते. त्यांनी लिहिलं. जिन्पाचीनं नखाची खूण केली, बाबांनी बघितलं. मग तो गाठोडं घेऊन तडक निघाला. बाबा आता नाहीत. मास्तर कोणत्या देशी आहेत, देव जाणे. दिवस कोणता होता म्हणाल तर मला वाचता येत नाही, काका. मी नुसती घडी सांभाळली. परवा शोयांनी बघायला मागितली, तेव्हा पेटीतून काढून दिली."

"परत येऊन त्याला काय हवंय? तू?"

ती पहिल्यांदाच हसली. "मी? चार वर्षं मूल होईना म्हणून मला वांझोटी म्हणत फिरला. आता माझ्या पाठीवर मूल बघून त्याचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही! मी नको, हा ओढा हवा. दरीत थंडीत न गोठणारं पाणी हे एवढंच. देवळाला तळ्यासाठी हवंय, शोयांना साके गाळायच्या तांदळाच्या चक्कीसाठी. आम्ही दोघांनाही नाही म्हणालो. जिन्पाची मालक झाला तर दोघांनाही हो म्हणेल, आणि दोघांकडेही पिऊन येईल."

परतताना बर्फात पावले रोवता रोवता मोकुबेईच्या मनात एक कुतूहल रुतून बसले. खोटे लिहिणारा माणूस तारखेला जपतो. लबाडी नेहमी स्वच्छ कपडे घालून येते. हे पत्र जर कोणी नंतर, मानएनमध्ये किंवा बुन्क्यूमध्ये, बसून रचले असते, तर त्यावर 'आन्सेई' लिहिण्याची चूक कोण करील? नवा शक वर्षाच्या मध्येच आला तरी लोक मागचे महिनेही त्याच्याच नावे ढकलतात. आज कोणालाही विचारा, त्या वर्षाच्या पहिल्या सकाळीसुद्धा 'मानएनचा पाडवा' होता असेच सांगतील. आन्सेईचे सातवे वर्ष माणसांच्या बोलण्यातून कधीच पुसले गेले.

त्याच्या स्वतःच्या पेटीतून मात्र नाही. त्या हिवाळ्यात त्याने जी पंचांगे वाटली त्यांच्यावर 'आन्सेई सात' असेच छापले होते. मानएनच्या पहिल्या वर्षाचे पंचांग जगात कधी निघालेच नाही. ज्याचा अर्थ 'दहा हजार पटींनी लांबो' असा, ते नाव बारा महिन्यांत संपले, आणि त्याच्या दोन वर्षांपैकी पहिले वर्ष तर नुसते नंतरच्या आठवणीतच राहिले.

मग चौथ्या दिवशी, या दरीत, माणसे नक्की कोणत्या शकात जगत होती?

३

देवळाचे भिक्षू एन्काई झाडू मारत होते. मोकुबेईला पाहताच झाडू जास्त जोरात चालू लागला.

"मठीची मोहोर कुठे असते, महाराज?"

"मठीतले बुवा मागच्या उन्हाळ्यात गेले. त्यांचं सामान इथे आणलं. वाडगा, माळ, मोहोर. देव्हाऱ्याखालच्या खणात." झाडू थांबला. "कुलूप नाही. देवाला कशाला कुलूप?"

"देवाला नाही, पण मोहोरेला? कोणी मागितली होती?"

"मी इथे येऊन दीड वर्षच झालंय, पंचांगवाले. नव्या माणसानं गावात फार पाहू नये, फार ऐकू नये."

"आणि फार बोलूही नये," मोकुबेई म्हणाला. "तुम्हाला तळं बांधायचंय असं ऐकलं."

एन्काईंचे कान लाल झाले. "कमळं लावायची होती. कमळांसाठी बाईचं डोकं भादरायला लावणारा माणूस दिसतो मी तुम्हाला?"

"मला कोणी कसलाच दिसत नाही. मी फक्त तारखा बघतो. त्या वर्षीच्या वसंतात तुम्ही कुठे होतात?"

"क्योतोला. मोठ्या मठात भात शिजवत होतो. शक बदलला त्या दिवशी आम्हाला लाल घेवडे घातलेला भात मिळाला, म्हणून लक्षात आहे."

म्हणजे यांच्या स्मरणात मानएन तिसऱ्या महिन्यातच उगवला होता, आणि सोएमोनच्या स्मरणात अधिक महिन्याच्या पहिल्या दिवशी. दाखल्यावर लिहिलेली तारीख दोघांपैकी कोणीही डोळे झाकून लिहिली असती.

मोकुबेई पायऱ्या उतरू लागला तेव्हा मागून आवाज आला, आता एकदम खाली आलेला. "मोहोर शरदात एकदा जागेवर नव्हती. तीन दिवसांनी परत आली. मी विचारलं नाही. ते माझं पाप."

४

गावात शेतकऱ्यांच्या वतीने शोयावर नजर ठेवायला एक प्रतिनिधी असतो. तोचिदानीत ते काम सत्तरीतल्या तोमेझोकडे होते, आणि त्याची नजर अधू झाल्यापासून जीभ दुप्पट काम करत होती. वळचणीला बसून तो बर्फात चालायचे गोल जोडे वळत होता. मोकुबेईपुढे त्याने मुळ्याचे लोणचे सरकवले.

"या इसेवाले! आणलंत नवं वर्ष? की याचंही नाव वाटेत बदललं? अहो, नाटकातला नट कपडे बदलत नाही इतक्यांदा वर्षं नावं बदलतात. माझी म्हातारी म्हणते, हिशोबानं मी चार शकांत चार वेळा म्हातारी झाले."

"आजोबा, मानएन शक तुमच्या गावात कधी आला?"

तोमेझोचे हात थांबले. मग त्याचे खांदे हलू लागले. तो हसत होता. इतका, की लोणच्याचा तुकडा घशात अडकला.

"आला? अहो, तो दोरीला लोंबकळत आला! कोशिन साल होतं ते, साठ वर्षांनी येणारं. गावानं दगड बसवायचं ठरवलं, तीन माकडं कोरलेला. अधिक महिन्याच्या सातव्या दिवशी बसवलाही. पण त्याच्या दोन दिवस आधी बर्फ वितळून नदीला लोंढा आला आणि पूल गेला वाहून. चौदा दिवस आम्ही या काठाला, जग त्या काठाला. एकोणिसाव्या दिवशी दोरी पडली, पहिला माणूस आला तो किल्ल्याचा जासूद, टोपलीत बसून, भीतीनं पांढराफटक. त्याच्या पिशवीत काय, तर शक बदलल्याचा हुकूम! आणि आमच्या दगडावर ताजं ताजं कोरलेलं, 'आन्सेई सात'. पाथरवट रडायचा बाकी राहिला. गाव आठ दिवस हसत होतं. अजूनही कोणी उशिरा आला की आम्ही म्हणतो, 'आला बघा मानएन!'"

"आणि डोंगरमाथ्याची मठी? तिथे बातमी दुसरीकडून गेली असेल?"

"कुठून? पलीकडची खिंड पाचव्या महिन्याआधी उघडत नाही. मठीत जायचं तर आमच्याच अंगणातून. बुवांना त्यानंतर मीच सांगायला गेलो, अख्खा डोंगर चढून. ते म्हणाले, 'तोमेझो, मला महिना कोणता तेवढं सांग, बाकीचं सम्राट बघून घेतील.'"

मोकुबेईने हातातला लोणच्याचा तुकडा खाली ठेवला. तेवीस वर्षे तो तारखा पाठीवर वाहून आणत होता. तरी काल आगटीपाशी त्याला असे वाटले होते की, नवा शक सूर्यासारखा सगळ्या दऱ्यांवर एकदम उगवतो. तो पायी येतो. त्याला पूल लागतो.

"आजोबा, या गोष्टी शोयांना कोणी सांगितल्या नाहीत?"

"कशाला सांगू? ते तेव्हा एदोत. वडील वारल्यावर दोन वर्षांपूर्वी आले. आमच्या विनोदाला ते हसत नाहीत, आम्ही त्यांच्या कागदाला हसत नाही. आणि ओसुगाच्या पत्रात काय तारीख आहे ते आम्हाला कोणी वाचून दाखवलंय?"

५

जिन्पाची शोयाच्याच वखारीत उतरला होता. लाकडी वाडगे कातत होता आणि त्या कामात तो खरोखर सुंदर होता. लाकडाची साल लांब, अखंड फितीसारखी त्याच्या गुडघ्यावर पडत होती. आदल्या रात्रीच्या साकेचा दर्प अजून अंगाला होता.

"काय पंचांगवाले, माझा चांगला दिवस बघायला आलात? लग्नाला कोणता शुभ?"

"तुझं लग्न तर झालेलंच आहे म्हणतोस."

"झालेलंच. बायको विसरली, मी नाही." तो मोठ्याने हसला. "बसा. तुमच्यामुळेच काम सोपं झालं. शोया म्हणालेच होते, इसेचा माणूस येऊ दे, त्याच्या तोंडून तारीख निघाली की गाव गप्प."

मोकुबेई बसला. म्हणजे चहा उकळत ठेवला होता तो त्याच्यासाठीच. सापळ्यातला दाणा तोच होता.

"मठीतनं खाली उतरलास तो कोणत्या दिवशी?" त्याने सहज विचारावे तसे विचारले.

"दाखल्यावर आहे की. दहाव्या."

"मग गाव ओलांडून गेलास?"

"तर काय, रात्री इथेच थांबलो का? पूल ओलांडला, आणि संध्याकाळी दरीच्या बाहेर."

"नदीला पाणी फार होतं का रे? वितळत्या बर्फाचे दिवस होते."

"पाणी खाली, मी वर. पूल कशाला असतो? काय, उडत जाऊ म्हणता?"

मोकुबेईने कातलेला एक वाडगा उचलला, बोटाने कड चाचपली. "हात छान आहे तुझा," तो म्हणाला, आणि ते खरेच होते. चौथ्या दिवशी, नखाची खूण करून, पूल उभा असताना हा माणूस दरीबाहेर पडला होता. पाचव्या दिवशीचा लोंढा त्याने पाहिला नव्हता, आणि नंतर कोणी सांगावे इतका तो कोणाचा नव्हता.

दाखला खोटा होता. पण जिन्पाचीला लिहिता येत नव्हते.

६

"ओसुगा, कागद कोणत्या वर्षाचा आहे ते कागद बघून सांगता येतं का ग?"

तिने ओले हात फडक्याला पुसले. पाठीवरचे मूल झोपले होते. "दुसऱ्याचा नाही. आमचा येतो."

"कसा?"

"चटईवरून. तिच्या धाग्यांच्या खुणा कागदात राहतात, उजेडाकडे धरल्या की दिसतात. बाबांच्या चटईचे धागे अगदी जवळ जवळ होते. ते गेले तेव्हा मी ती त्यांच्याबरोबरच पाठवली. आयुष्यभर तीच धरून वाकले होते, तिकडे हात रिकामे कसे राहतील? मग आम्ही नवी विणली. पहिलीच, त्यामुळे धागे लांब लांब पडले. एका हंगामातला सगळा कागद तसा निघाला, पावसाच्या रेघा पडल्यासारखा. पुढच्या वर्षी उहेईनं धागे उसवून परत घट्ट घेतले."

"बाबा कधी गेले?"

"बुन्क्यूच्या पहिल्या वर्षी, हिवाळ्यात."

मोकुबेईने डोळे मिटले. आगटीच्या उजेडातल्या त्या दूर दूरच्या रेघा त्याला पुन्हा दिसल्या. जो कागद मानएनच्या वसंतात लिहिला म्हणत होते, तो त्या वसंतात या हौदातल्या पाण्यात विरघळलेलाही नव्हता. त्याची साल अजून डोंगरावर झाड होऊन उभी होती.

"त्या हंगामातला कागद देवळात गेला होता?"

"देवळात अजून बाबांचाच आहे, जुन्या भिक्षूंनी भरपूर घेऊन ठेवलेला. तो पहिला कागद तर मला कोणाला विकायचीही लाज वाटत होती." ती बोलता बोलता थांबली. तिला उत्तर आधी कळले आणि प्रश्न नंतर. "एकाच घरानं घेतला सगळा, काका. म्हणाले, गावाच्या नोंदवह्यांना चालेल."

७

पंचांगे वाटण्याचे काम मोकुबेईने या वर्षी कोशिनच्या दगडापाशी मांडले. देवाचे काम, म्हणून कोणी हरकत घेतली नाही. स्वच्छ ऊन पडले होते. बर्फाच्या भिंतीमधल्या वाटेवर पन्नास-साठ माणसे दाटीने उभी होती. सोएमोन प्रवासाच्या कपड्यांत आला. ओसुगाला घेऊन दुपारी निघायचे होते. त्याच्या बाहीत दोन्ही कागद होते.

"शोयासाहेब, निघण्याआधी दोन्ही कागद गावाला वाचून दाखवा," मोकुबेई म्हणाला. "नंतर कुजबुज नको. माझ्याच शब्दावर निकाल लागलाय, म्हणून विनंती."

सोएमोनने क्षणभर त्याच्याकडे पाहिले. पण नकार देण्याजोगे त्यात काही नव्हते. त्याने सोडपत्रावरची तारीख वाचली. "'आन्सेई सात, अधिक तिसरा महिना, चौथा दिवस.'"

तो थांबला, लोकांनी दचकावे म्हणून थांबला. कोणी दचकले नाही. एका बाईने मान डोलावली, जणू यात वावगे ते काय.

"आणि हा मठीचा दाखला. 'मानएन एक, अधिक तिसरा महिना, दहावा दिवस.'"

आधी तोमेझोची म्हातारी फिस्स करून हसली. मग तिच्या शेजारची. मग ते हसू रांगेतून धावत गेले आणि सगळी वाट हसू लागली. माणसे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून हसत होती.

"दहाव्या दिवशी मानएन! मठीतल्या बुवांना स्वप्नात दिसला का हो?"

"गरुडानं आणून दिला असेल!"

"अहो, आम्ही इथे दोरीच्या अलीकडे उपाशी, आणि डोंगरावर नवा शक!"

मोकुबेई हसणाऱ्यांकडे पाहत नव्हता. त्या गर्दीत तीन चेहरे कोरडे होते. एन्काई गोंधळले होते. जिन्पाची इकडेतिकडे बघत होता. आणि सोएमोनच्या नितळ चेहऱ्यावर, आयुष्यात प्रथमच, एक न कळणे उमटले होते.

"जे त्या वसंतात इथे होते ते हसतायत, शोयासाहेब," मोकुबेई म्हणाला. "तुम्ही नव्हता."

तोमेझोने फावड्याने दगडावरचे बर्फ उतरवले. तीन माकडे उघडी झाली, आणि त्यांच्या बाजूला खोल, ठसठशीत अक्षरे: आन्सेई सात, अधिक तिसरा महिना, सातवा दिवस. मोकुबेईने ती वाचली. मग त्याने वाहून गेलेल्या पुलाबद्दल सांगितले, एकोणिसाव्या दिवशी टोपलीतून आलेल्या हुकुमाबद्दल सांगितले, आणि जिन्पाचीकडे वळून विचारले, "दहाव्या दिवशी तू कोणत्या पुलावरून गेलास रे?"

जिन्पाचीने सोएमोनकडे पाहिले. ते पाहणेच पुष्कळ होते.

"मला परवा विचारलं, आन्सेई कधी संपला," मोकुबेई म्हणाला. "मी क्योतोचं सांगितलं, एदोचं सांगितलं. 'कुठे?' असं मीच उलट विचारायला हवं होतं. ती चूक माझी. चौथ्या दिवशी या दरीत आन्सेईच होता. ओसुगाचं पत्र खरं आहे, म्हणून त्यावर मेलेला शक आहे. दाखला नंतर रचलाय, म्हणून त्याची तारीख इतकी शुद्ध आहे."

"बुवांची मोहोर आहे त्यावर," सोएमोन म्हणाला. आवाज अजून तोललेला होता. "मोहोर देवळात असते. मला विचारण्याआधी भिक्षूंना विचारा."

एन्काई पांढरे पडले. तेव्हा ओसुगा पुढे झाली. कोणी बोलावले नव्हते. तिने सोएमोनच्या हातातून दाखला घेतला, इतक्या सहज की त्याला तो घट्ट धरायचेही सुचले नाही, आणि बर्फाच्या लखलखाटासमोर धरला. कागद उजळला. आत उभ्या रेघा, दूर दूर.

"हा माझ्या हातचा आहे," ती म्हणाली. "बाबा गेल्यावरचा. फसलेला. हा देवळात नाही, कोणाच्याच घरी नाही. तुम्ही सगळा घेतलात, शोयासाहेब. मला तेव्हा वाटलं होतं, तुम्ही दयेनं घेतलात."

वाटेवरचे हसू कधीच थांबले होते.  

"चक्की," तोमेझो म्हणाला. अधू डोळे त्याने सोएमोनच्या दिशेने रोखले होते. "पाण्यासाठी केलंस, होय ना रे? तुझा बाप माझ्याबरोबर त्या दोरीच्या टोकाला उभा होता. एकदा मला विचारलं असतंस त्या दिवसांबद्दल, तर एवढी चूक तरी झाली नसती."

८

किल्ल्यावर कोणी गेले नाही. गावाची लाज गावानेच धुवायची, ही तिथली रीत. संध्याकाळपर्यंत सोएमोनने तोमेझोच्या घरी बसून माफीपत्र लिहून दिले आणि प्रकृतीच्या कारणाने गावकी सोडली. प्रकृतीला काय झाले ते कोणी विचारले नाही. सोडपत्र खरे असल्याच्या कबुलीवर जिन्पाचीला दुसऱ्यांदा नखाची खूण करायला लावली. कातलेले वाडगे पाठीवर बांधून तो गेला. एन्काईंनी देव्हाऱ्याखालच्या खणाला कुलूप लावले आणि तीन दिवसांचा उपास धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोकुबेई निरोप घ्यायला कागदघरी गेला. फळ्यांवर ताजे कागद उन्हात वाळत होते. उहेईने त्याच्या पेटीत वाटेसाठी भाताचे गोळे कोंबले आणि सालीचा भारा उचलून निघून गेला.

ओसुगा दारात उभी होती. हातात सोडपत्राची घडी.

"काका, एक काम कराल? हे वाचून दाखवा."

"तारीख तर काल—"

"तारीख नको. बाकीचं. या चार दिवसांत इतक्या जणांनी हातात घेतलं, पण सगळ्यांनी शेवटचंच वाचलं. मी पावणेचार वर्षं सांभाळलं. कोणाला वाचायला सांगायचा धीर नाही झाला."

"का?"

तिने मुलाच्या पायाची बोटे मुठीत धरली. "त्यात माझं काय चुकलं ते लिहिलं असणार ना. मूल होत नाही, हात खरबरीत, तोंड फटकळ. उहेईनं कधी बघितलं तर, असं वाटायचं."

मोकुबेईने घडी उघडली. साडेतीन ओळी. दरीदरीतून त्याने अशी पत्रे पाहिली होती; ती बहुतेक सारखीच असतात. तरीही त्याने प्रत्येक शब्द सावकाश, जणू तो त्याच सकाळी लिहिला गेला असावा, असा वाचला.

"'माझ्या स्वतःच्या मर्जीने मी तुला मोकळी करत आहे. यापुढे तू कोणाशीही संसार थाटलास, तरी माझी काडीचीही हरकत नाही. त्यासाठी हे पत्र.'"

ती वाट पाहत राहिली. "पुढे?"

"पुढे काही नाही."

"माझा दोष?"

"तुझं नावही दोषाशी जोडलेलं नाही, ओसुगा. कारण दिलंय ते त्याचं आहे."

"इतकंच?"

"इतकंच."

ती बराच वेळ त्या साडेतीन ओळींकडे पाहत राहिली, न वाचता येणाऱ्या डोळ्यांनी, पण आता त्या तिला जणू अनोळखी नव्हत्या. मग एकदम हसत, रडत, तिने आतल्या उहेईला हाक मारली, की बाहेर ये, तुला काहीतरी ऐकवायचे आहे.